संध्याकाळ म्हणजे किती वाजता?

मराठी समीक्षेने आजवर कादंबरीला, कवितेला, नाटकाला, अगदी लावणी-पोवाड्यालाही आपल्या दरबारात बसायला पाट दिला. पण रोज लाखो माणसे ज्याची वाट पाहतात, ज्याच्या भरवशावर कोणी तिफण जुंपतो, कोणी होडी पाण्यात लोटतो, त्या गद्याकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलेले नाही. ते गद्य म्हणजे हवामानाचे वृत्त. ‘कोकण व गोव्यात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, तर मराठवाडा व विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे’, ह्या धर्तीचे वाक्य ज्याच्या कानांवरून गेले नाही असा मराठी माणूस विरळा. त्याला लेखक नाही, पण शैली आहे. नायक नाही, पण उत्कंठा आहे. आणि आता ह्या वाङ्मयप्रकाराला एक नवा लेखक लाभला आहे. तो माणूस नाही. आकड्यांचा तक्ता त्याच्यापुढे टाकावा आणि त्याने त्यातून वाक्ये काढून द्यावीत, असे ते यंत्र आहे.

ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटाशी, हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परतीच्या पावसाने अंगणातल्या किल्ल्याचा एका रात्रीत चिखल केलेला ज्या मुलांनी पाहिला आहे ती तरी असे म्हणणार नाहीत. तेव्हा, वाचकहो, एखाद्या होतकरू कादंबरीकाराचे पहिले पुस्तक हाती यावे आणि आपण ते सहानुभूतीने पण डोळे उघडे ठेवून वाचावे, तसे ह्या यंत्रलेखकाकडे आज पाहू या.

आकड्यातून हवामानाचे वाक्य काढणे ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही. आपल्या घरच्या पंचांगात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सूर्य मृगात शिरला, आर्द्रात शिरला, की त्या वेळच्या सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकी पाहायची. बाकीवरून वाहन ठरते: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती. आणि वाहनावरून वाक्य ठरते. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा नाही तर मेंढा आला की पंचांग वाचणारे आजोबा चष्मा काढून पुसणार. ह्यात कोठेही कोणी विचार करून लिहावे असे काही उरलेले नाही. आकडा, आकड्यावरून खूण, खुणेवरून वाक्य. शुद्ध यंत्र आहे ते. फक्त ते कागदाचे आहे, आणि त्याची भाषा मोठी चित्रमय आहे. ‘वाहन बेडूक’ ह्या दोन शब्दांत जे ओले, डराव डराव करणारे आषाढाचे दिवस उभे राहतात, ते आजच्या कोणत्याही वृत्तात राहत नाहीत, हे मी कादंबरीकार म्हणून मोकळेपणाने कबूल करते.

पंचांगाच्या ह्या वाक्यात दोष आहे तो भाषेचा नाही, आकड्याचा आहे. ती बाकी आकाशातून आलेली नसते, भागाकारातून आलेली असते. तिचा समुद्राशी, वाऱ्याशी, ढगाशी काही संबंध नाही. म्हणून तर रत्नागिरीला जो बेडूक तोच जतलाही.

ढगाशी नाते सांगणारा आकडा मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. लुई फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज गणिती पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींच्या गाडीवर काम करीत होता. त्या धामधुमीत त्याने कागद-पेन्सिल घेऊन सहा तासांच्या हवामानाचे गणित मांडले आणि पुढे १९२२ साली ते पुस्तकरूपाने छापले. उत्तर सपशेल चुकले होते; हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल असे गणित म्हणत होते आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ जागचा हलला नव्हता. पण रीत योग्य होती, आणि चुकलेले उत्तर जसेच्या तसे छापण्याचा प्रामाणिकपणा त्याहून मोठा होता. १९५० साली अमेरिकेत एनिॲक ह्या संगणकावर तीच रीत, जरा सोपी करून, चालवून पाहिली आणि ती चालली. आज पृथ्वीभोवतीच्या हवेचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा वारा, दाब, उष्णता, ओल अशी आकडेवारी रोज निघते. इतकी निघते की ती वाचायला माणसे पुरत नाहीत. यंत्राच्या हाती लेखणी आली ती ह्या अडचणीतून. कोणाला यंत्राकडून साहित्य करवून घ्यायचे होते म्हणून नव्हे.

पहिला मजेदार प्रयोग कॅनडातला. तेथे सरकारी कारभार इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत चालतो, आणि हवामानवृत्ताचे फ्रेंच भाषांतर करायला माणसे टिकत नसत. तेच वारे, तेच ढग, तीच पंचवीस-तीस क्रियापदे. बिचारे कंटाळून दुसरी नोकरी धरत. म्हणून मॉन्ट्रियल विद्यापीठात भाषांतराचे एक यंत्र तयार झाले. ‘मेतेओ’ हे त्याचे नाव, आणि १९७७ पासून २००१ पर्यंत त्याने इमानाने चाकरी केली. त्याचा एक गुण मला फार भावतो. जे वाक्य आपल्याला उलगडले नाही ते ते यंत्र रेटून भाषांतरित करीत नसे; बाजूला काढून माणसाकडे पाठवी. हा गुण माझ्या वर्गातल्या हुशार मुलांतही दुर्मीळ आहे. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्याच देशात ‘फॉग’ नावाचे दुसरे यंत्र आले; ते भाषांतराच्या भानगडीत न पडता आकड्यांवरून थेट दोन्ही भाषांत वृत्त लिहू लागले.

पण ज्या यंत्राची मला खरोखर समीक्षा करावीशी वाटते ते स्कॉटलंडमधले. ॲबर्डीन हे तेथले बंदर. त्याच्या पूर्वेला उत्तर समुद्र, आणि त्या समुद्रात, आपल्या मुंबई हायसारख्या, तेलाच्या विहिरी आणि त्यांवर उभारलेले लोखंडी फलाट. त्या फलाटांवर माणसे राहतात, त्यांना सामान पोहोचवणारी जहाजे येतात-जातात, याऱ्या हलतात. वारा किती वाजता वाढणार आणि किती वाजता पडणार ह्यावर तेथला सगळा दिवस बेतलेला असतो. त्यांच्यासाठी एक खाजगी हवामानसंस्था रोज वृत्ते लिहून घेई. ॲबर्डीन विद्यापीठातले एहूद रायटर, सोमयाजुलू श्रीपाद आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या कामासाठी यंत्र रचले आणि त्याचे नाव ठेवले ‘समटाइम-मौसम’. नावातला दुसरा शब्द आपल्या ओळखीचा आहे. अरबी ‘मौसिम’चा तो वंशज; आपला ‘मोसम’ आणि साहेबाचा ‘मान्सून’ हे त्याचेच भाऊबंद. उत्तर समुद्रावरच्या इंग्रजी वृत्ताला हे नाव लाभावे ह्याची गंमत वाटते.

हे यंत्र लिहिते कसे? समजा, पहाटे सहाला नैर्ऋत्येचा वारा १८ नॉट, नऊला १७, बाराला दक्षिणेचा १५, तीनला १३, सहाला आग्नेयेचा ११, नऊला ९ आणि मध्यरात्री ७, असा तक्ता त्याच्यापुढे आला. (हा तक्ता माझा आहे, फक्त समजुतीसाठी.) प्रत्येक आकड्याला एक वाक्य दिले तर सात वाक्ये होतील आणि ती वाचून फलाटावरचा माणूस झोपी जाईल. म्हणून यंत्र ते ठिपके आलेखावर मांडते आणि जणू फूटपट्टी लावते. जे ठिपके साधारण एका सरळ रेघेवर येतात त्यांतले मधले गाळते. जेथे रेघ मोडते तेवढेच ठेवते. मग उरते इतकेच: ‘नैर्ऋत्येचा वारा १६ ते २० नॉट, हळूहळू दक्षिणेचा व नंतर आग्नेयेचा होत मध्यरात्रीपर्यंत ५ ते १० वर येईल.’ सात आकड्यांचे एक वाक्य.

नवा लेखक वाचताना मी पहिल्यांदा पाहते ते त्याने काय गाळले हे. काय लिहिले ते नंतर. आणि ह्या कसोटीवर यंत्राने मला चकित केले. कादंबरीतही आपण दुसरे काय करतो? नायिकेच्या आयुष्यातली जी वर्षे सरळ रेघेत गेली ती ‘असे दिवस जात होते’ म्हणून एका वाक्यात टाकून देतो, आणि जेथे रेघ मोडते तेथे प्रकरण सुरू करतो. पुष्कळ मराठी कादंबऱ्यांची पृष्ठसंख्या ह्या फूटपट्टीने निम्मी होईल; त्यांत माझीही एखादी असेल.

आता मुख्य गोष्ट. यंत्राला लिहायला शिकवण्यापूर्वी ह्या मंडळींनी माणसांनी लिहिलेली १०४५ वृत्ते जमवली, प्रत्येकाच्या शेजारी त्या त्या वेळचा आकड्यांचा तक्ता ठेवला, आणि कोणत्या आकड्याला कोणी कोणता शब्द वापरला हे ताडून पाहिले. एखाद्या भाष्यकाराने ज्ञानेश्वरीच्या प्रती लावाव्यात तसे हे काम. त्यातून जे निघाले ते वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. लिहिणारे सगळे अनुभवी होते, एकाच संस्थेत होते, एकाच वाचकासाठी लिहीत होते. आणि तरीही ‘संध्याकाळपर्यंत’ हा शब्द एकजण सहा वाजेपर्यंत ह्या अर्थाने लिहीत होता, तर दुसरा मध्यरात्रीपर्यंत ह्या अर्थाने! दोघांनाही आपण अगदी साधा, स्वच्छ, कोणालाही कळेल असा शब्द वापरतो आहोत असेच वाटत असणार.

सहा तासांचा हा फरक आहे. वारा ‘संध्याकाळपर्यंत’ पडेल असे वाचून सातला यारी हलवायला घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. आणि मला वाटते, ह्यात त्या देशाच्या आकाशाचाही हात असावा. ॲबर्डीनला डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत रेंगाळतो. तेथे संध्याकाळ नावाची वस्तू घड्याळात नेमकी कोठे ठेवायची? आपल्याकडे तरी काय वेगळे आहे! दिवेलागण, तिन्हीसांजा, कातरवेळ, गुरे परतायची वेळ: एवढ्या शब्दांना आपण ‘संध्याकाळ’ म्हणतो. ऑफिसातून लोकलने घरी येणाऱ्याची संध्याकाळ आठला सुरू होते. रानातून परतणाऱ्या बाईची तेव्हा जेवणेसुद्धा आटोपलेली असतात.

यंत्राने ह्यावर काय केले? जो शब्द निरनिराळी माणसे निरनिराळ्या अर्थांनी घेतात तो टाळला, आणि जो शब्द घेतला तो दर वेळी त्याच अर्थाने वापरला. वारा ‘वाढणे’, ‘चढणे’, ‘कमी होणे’, ‘ओसरणे’ ह्यांतल्या जोड्यांपैकी एकेक शब्द पत्करला आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहिले. मग ती वृत्ते आणि माणसांनी लिहिलेली वृत्ते अशी दोन्ही ती वापरणाऱ्या लोकांपुढे ठेवली. त्यांची पसंती यंत्राकडे झुकली, आणि त्याचे एक कारण शब्दांची निवड हे होते. २००५ साली हा निष्कर्ष छापून आला तेव्हा लेखकांनी म्हटले की यंत्राचा मजकूर माणसाच्या मजकुरापेक्षा सरस ठरल्याची ही बहुधा पहिलीच नोंद असावी.

मराठी शिकवणारी बाई म्हणून हे पचवणे मला जड गेले. आम्ही मुलांना काय शिकवतो? एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका. ‘सूर्य’ एकदा झाला की ‘रवी’, मग ‘भास्कर’, मग ‘दिनकर’ येऊ द्या. निबंधाच्या वहीत त्याला गुण मिळतात. हवामानवृत्तात त्याच सवयीने घात होतो, कारण तेथे शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटते, काहीतरी बदलले असावे. ‘वारा ओसरेल’ आणि खाली ‘वारा कमी होईल’ असे लिहिले, तर फलाटावरचा माणूस विचार करणार की ह्या दोहोंत अंतर कोणते? त्याला शैलीची हौस नाही. त्याला त्या शब्दावर पाय ठेवायचा आहे.

हे शिस्तीचे गद्य यंत्राशिवायही साधते, हे इंग्रजांच्या जहाजांसाठीच्या नभोवाणीवृत्ताने दाखवून दिले आहे. त्यात साडेतीनशे शब्दांच्या आसपास सारा समुद्र बसवावा लागतो. वादळाच्या इशाऱ्यात ‘आता लगेच’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘लवकरच’ म्हणजे सहा ते बारा तासांत, ‘नंतर’ म्हणजे बारा ते चोवीस तासांत, असे शब्दांचे भाव ठरलेले आहेत. गंमत अशी की, ज्यांचा समुद्राशी काडीचा संबंध नाही असे हजारो लोक अंथरुणात पडून ते वृत्त ऐकतात आणि त्याला काव्य म्हणतात. शब्दाने आपला अर्थ सोडायचा नाही असे ठरवले की त्याला आपोआप एक लय येते. आपल्या आरत्या आणि पाढे ह्यांना ती आहेच.

तर मग सारे श्रेय यंत्राला देऊन मोकळे व्हावे का? माझे मत तसे नाही. ॲबर्डीनचे यंत्र यशस्वी झाले ते त्याचा वाचक कोण हे त्याच्या कर्त्यांना पक्के ठाऊक होते म्हणून. दररोज सुमारे दीडशे कच्ची वृत्ते ते लिही, आणि ती तपासून, हवे तेथे खोडून मगच पुढे जात. वाचक माहीत, भीती माहीत, शब्दांचा साठा मूठभर. ह्यातले एक जरी ढळले तर काय होते हे पाहायला उत्तर समुद्रावर जायला नको. आपले रोजचे वृत्त पुरे आहे.

‘तुरळक ठिकाणी’ ह्या शब्दांचाच विचार करा. हवामानखात्याच्या परिभाषेत ते अगदी नेमके आहेत. एखाद्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर ‘तुरळक’, त्यावर पन्नासपर्यंत ‘काही’, पंचाहत्तरपर्यंत ‘बऱ्याच’ आणि त्यापुढे ‘बहुतेक ठिकाणी’. शब्द किती जागी पडणार हे सांगतो. किती पडणार हे सांगत नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानात ‘तुरळक’ म्हणजे चार थेंब. म्हणून ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे ऐकले की लोक हसतात, ह्यांचे नक्की काय म्हणणे आहे असे विचारतात. म्हणणे बरोबर असते. शब्दाची किल्ली मात्र खात्याच्या कपाटात राहिलेली असते, ऐकणाऱ्यापर्यंत कोणी ती पोहोचवलेली नसते.

‘मध्यम’चे तर त्याहून कठीण. चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पाऊस म्हणजे मध्यम. आता आपल्याकडचा कृषिसल्ला असा असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये. लागोपाठ चार दिवस ‘मध्यम पाऊस’ झाला तर एकूण किती झाला? खालच्या टोकाने ६२.४, वरच्या टोकाने २५७.६. म्हणजे एका टोकाला बियाणे मातीत करपणार आणि दुसऱ्या टोकाला वाफसा येईपर्यंत थांबावे लागणार. आणि दोन्हीला शब्द एकच, आणि तोही चारही दिवस न बदलणारा! ॲबर्डीनच्या यंत्राचा एकनिष्ठपणा येथे उपयोगी पडत नाही. दुबार पेरणीचा खर्च ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्यासाठी हा शब्द कापलाच गेलेला नाही. तो आकड्यांच्या सोयीने कापला आहे.

गावाच्या नावाचेही तसेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला सत्तर-पंचाहत्तर. ‘मुंबई’ हा एकच शब्द दोन्हीवर पांघरलेला होता. आता ती अडचण आकड्यांच्या बाजूने पुष्कळ कमी झाली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभे केलेले ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ २०२५ च्या मे महिन्यात रुजू झाले. त्याचे चौकोन सहा किलोमीटरचे आहेत. त्याच्या आदल्या वर्षीपासून ग्रामपंचायतीच्या पातळीवर अंदाज देण्याची सोय झाली आहे. अडीच लाखांहून अधिक ग्रामपंचायती! इतक्या गावांसाठी रोज एकेक वाक्य कोण लिहिणार? माणूस नाही. यंत्रच लिहिणार. तेव्हा यंत्राने लिहावे की नाही हा वाद आता दिवाणखान्यातला आहे. त्याने कोणत्या शब्दांत लिहावे, हा प्रश्न मात्र अजून शेताच्या बांधावर उभा आहे.

आणि येथेच मला नव्या पिढीच्या यंत्रांविषयी थोडी काळजी वाटते. ॲबर्डीनचे यंत्र नियमांवर चाले. कोणत्या आकड्याला कोणता शब्द हे त्याला सांगून ठेवलेले असे. अलीकडची भाषायंत्रे अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो हे शिकतात, आणि मग फार गोड लिहितात. मराठीही बरे लिहितात. पण त्यांचा शब्द आकड्याला जितका बांधलेला असतो तितकाच शेजारच्या शब्दालाही असतो. आपल्या वृत्तांत ‘मेघगर्जना’ आली की ‘विजांचा कडकडाट’ येतो आणि त्याच्या मागून ‘सोसाट्याचा वारा’, हे इतक्या वेळा घडलेले आहे की तक्त्यात वीज नसतानाही ती वाक्यात कडाडून जाण्याची भीती आहे. ओघ चांगला म्हणून वाचणाऱ्याला संशयही येणार नाही. भाबड्या भाषेतली चूक दिसते. सफाईदार भाषेतली लपते. हा धोका नवकवींनाही ठाऊक आहे.

अमेरिकेत घडलेली एक हकिकत ह्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. २००९ च्या सुमारास तेथल्या संशोधकांनी हवामानाचे आकडे आणि त्यांची वृत्ते ह्यांचा एक मोठा संग्रह केला, आणि पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या यंत्रांना माणसासारखे कसे लिहावे हे त्या संग्रहावरून शिकवले गेले. मग कोणीतरी मजकूर नीट वाचून पाहिला. तो मुळात माणसांनी लिहिलेलाच नव्हता! तो आधीच्याच एका यंत्राने ठरीव साच्यांतून पाडलेला होता. गाईडवरून गाईड छापावे आणि मूळ पुस्तक कोणी पाहूच नये, तशातला हा प्रकार. आमच्या धंद्यातल्या लोकांना त्याचे नवल वाटणार नाही. मला त्यात एवढेच दिसते की ॲबर्डीनच्या मंडळींनी जे सर्वांत कंटाळवाणे काम केले, म्हणजे १०४५ वृत्ते एकेक करून तक्त्याशी ताडून वाचली, तेच सर्वांत मोलाचे होते.

मराठीत ते काम व्हायचे आहे, आणि ते सोपे नाही. आपली भाषा पावसाच्या बाबतीत श्रीमंत आणि खट्याळ आहे. पाऊस पडतो तेव्हा तो येतो आणि वारा पडतो तेव्हा तो जातो. एकच क्रियापद, दोन उलट्या घटना, आणि आपल्याला ते शिकवावेही लागत नाही. विदर्भातली ‘झड’ कोकणात कळत नाही. कोकणातल्या ‘सरी’वर देशावरचा शेतकरी समाधान मानणार नाही. किनाऱ्यावर तर शब्दांवर विसंबण्याची रीतच नव्हती. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे कळले की होड्या वर ओढल्या जात. बावट्याला विशेषण नसते, आणि बंदरावर उभा असलेला प्रत्येकजण तो एकाच अर्थाने वाचतो.

कोणी हे काम हाती घेतलेच, तर त्याने आकाशवाणीवरची जुनी वृत्ते, त्या त्या दिवशीचे पर्जन्यमापकाचे आकडे आणि त्या भागातल्या चार जाणत्या शेतकऱ्यांना एका ओसरीवर बसवावे, आणि ‘संध्याकाळ’ तूर्त बाजूला ठेवून ‘उघडीप’ ह्या शब्दापासून सुरुवात करावी. ती किती तासांची असली म्हणजे उघडीप म्हणायची, ऊन पडलेच पाहिजे की नुसता पाऊस थांबलेला पुरे, आणि तेवढ्यात कोळपे घालता येते की नाही, एवढे आधी त्यांच्याकडून समजून घ्यावे.